उजेडाला लावून बघ

४ सप्टेंबर

प्रिय दगडूबाई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजला तू नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बावीस वर्षं दगड कापून कान घालवलेस, निदान डोळे शाबूत असतील या भरवशावर लिहिते.

लेकीचं लग्न ठरलं, हे आत्या म्हणून तुला माझ्याआधीच कळलं असणार. बावीस नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ, नोंदणी कार्यालय. जाऊन खोली बघून आले. मध्ये एक लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या. लेकीने फर्मान काढलंय की बाबा एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला, शेजारी बसवून तिला सर्कस नको. म्हणजे टेबलापलीकडे तुझा भाऊ आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती, अलीकडे मी आणि माझी पर्स. मुलाकडची माणसं उत्साही आहेत, ती उभीच राहणार म्हणे.

आता मुद्दा. वेगळं होताना तुमच्या घरचा एकूण एक दागिना मी यादी करून परत दिला. सगळे म्हणाले, काय बाणेदार बाई! तीन वर्षं झाली, बाणेदार बाईचा गळा मोकळाच आहे. त्या दिवशी गळ्यात काहीतरी हवं. कुणी दिलेलं नाही, माझं मी घेतलेलं.

आमच्या लॅबच्या खाली एक दुकान उघडलंय. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवून खाली उतरले की काचेमागे एक अकीक चमकत असतो. निळा, गुलाबी, हिरवा, मान हलवली की बदलतो. दुकानदारीण म्हणाली, "ताई, हा दगड माणसाचं मन ओळखतो." माझ्या मनात तेव्हा दुपारी परत आलेली एक कवळी होती, दगडाने काही ती ओळखली नाही. पण सुंदर आहे गं. इंद्रधनुषी अकीक म्हणतात त्याला. घेऊ का?

आणि तू येते आहेस ना?

तुझी,
कोण ते तूच ठरव

●

१२ सप्टेंबर

प्रिय कवळी,

वहिनी म्हणायचं कोर्टाने बंद केलं, म्हणून धंद्यावरून हाक मारते. शिवाय तू कवळी आहेसच, नाहीतर त्या दुकानात शिरली नसतीस.

घेऊ नकोस. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तू पुढचं वाचत नाहीस.

रंग खेळवणारे अकीक दोन जातींचे. एकाला आम्ही आगीचा म्हणतो. तपकिरी, गाठीगाठींचा, आणि त्या गाठींच्या पोटात तांबडं-हिरवं जळत असतं. तो समोरून बघायचा. दुसरा इंद्रधनुषी. तो दिसायला तुझ्या जुन्या चष्म्याच्या काचेसारखा, राखाडी, काही म्हणजे काही नाही त्यात. त्याचे थर इतके बारीक की एका मिलिमीटरमध्ये शंभर-शंभर बसतात. पातळ काप काढला, दोन्ही अंगांनी घासून आरशासारखा केला, तर त्या थरांतून उजेड फुटून बाहेर पडतो. अख्ख्या दगडावरून काही कळत नाही. पन्नास कापावेत तेव्हा एखादा निघतो, उरलेल्या एकोणपन्नासांनी माझे कान नेले.

तुझ्या दुकानातला या दोन्हींतला नाही. साध्या अकीकावर धातूची वाफ बसवतात, तो मुलामा आहे. ओळख सोपी. उलटा करून बघ, पाठीमागेही तेवढाच चमकतो का. दोरा घालायला भोक पाडलंय त्याच्या आत बघ, तिथेही गुलाबी-निळं असेल. खरा रंग भोकात उतरत नाही. आणि जो दगड दुकानाच्या काचेमागे, काळ्या मखमलीवर, वरच्या दिव्यात इंद्रधनुष्य दाखवतो तो इंद्रधनुषी अकीक नाहीच, कारण खऱ्याला मखमलीवर ठेवलं की तो मरतो.

माझ्याकडे एक गोळा पडून आहे, जरा आशा आहे. कापून बघते.

बाकी सगळं ठीक. कारखान्यात नवीन चकती बसवली, ती जुनीपेक्षा जास्त कोकलते, म्हणजे शेजारी म्हणतात.

तुझी,
दगडूबाई

●

२० सप्टेंबर

प्रिय दगडूबाई,

घेतला होता. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी.

उलटा करून बघितला. पाठीमागूनही तेवढाच चमकला, मनकवडा ना तो. भोकात बघितलं, तिथेही गुलाबी. तरी म्हटलं तू काय, तुला दुसऱ्याचा कुठला दगड कधी आवडलाय? लॅबमध्ये नेला, कवळ्या चकचकीत करायचं चाक असतं ना आमचं, त्यावर धरला. चार सेकंद. इंद्रधनुष्य माझ्या एप्रनवर आलं आणि हातात राहिला एक खडा, आमच्या छटापट्टीतल्या सोळाव्या दातासारखा. सोळावी छटा आम्ही जन्मभर विडी ओढलेल्यांसाठी ठेवतो.

परत द्यायला गेले. दुकानदारीण म्हणाली, "ताई, तुम्ही तो घासला का? मग त्याने तुम्हाला नाकारलंय." दगडाकडूनही नकार. संग्रह पूर्ण होत आलाय.

तर आता तूच दे. घेणार मी विकत, भेट नको. तुझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला जो भाव लावतेस तोच लाव. नात्यातली सवलत मला कुठल्या कलमाखाली लागू होईल ते मलाही माहीत नाही.

आणि चार पानांच्या पत्रात तुला कारखान्याच्या चकतीबद्दल लिहायला जागा मिळाली, मी विचारलेल्या एका प्रश्नाला नाही मिळाली. परत विचारते. लग्नाला येतेस का? आणि टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतेस?

तुझी,
कवळी (हे नाव मला आवडलं, पण लॅबमध्ये कुणाला सांगणार नाही)

●

९ ऑक्टोबर

प्रिय कवळी,

गोळ्याने लाज राखली. सोबतच्या डबीत काप ठेवलाय, कापसातून जपून काढ, दोन मिलिमीटरच आहे. गळ्यातलं करण्याआधी तू बघावास म्हणून तसाच पाठवते. नीट उजेडाला लावून बघ. आवडला तर ठेव.

इथे कामाची फार गर्दी. लग्नाचं बघू या.

दगडूबाई

●

१८ ऑक्टोबर

दगडूबाईंस,

काप परत पाठवला आहे. मोजून घेणे.

सांगितल्याप्रमाणे उजेडाला लावला. तीन दिवस. बैठकीच्या खिडकीत, ऊन येतं तिथे, ओल्या मोज्यासारखा वाळत घातला होता. रोज कामावरून आले की आधी त्याच्याकडे बघायचे. म्हटलं उजेड पीत असेल बिचारा, वेळ लागत असेल. चौथ्या दिवशी लॅबच्या दिव्याखाली धरला, ज्या दिव्याखाली आम्ही दातांचे सोळा पांढरे वेगळे ओळखतो. राखाडी. आडवा धरला, राखाडी. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, खिडकीची काच फुटली का कुठे?"

ठीक आहे, म्हटलं, नसेल जमलं. पन्नासांतला एक निघतो, हा एकोणपन्नासांतला असेल.

पण काल लेकीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आई, आत्याने बाबांच्या तिच्यासाठी काय अंगठी केलीये! तपकिरी दगड आहे आणि आत नुसती आग पेटल्यासारखी वाटते." मी म्हटलं, वा. मी म्हटलं, आत्याचा हात चांगलाच आहे. मग फोन ठेवला आणि दोन कवळ्यांत वरचे दात खाली बसवले.

तिला आग आणि मला खिडकीची काच. बरोबरच आहे. तुमच्या घरात राखाडी गोष्ट अठरा वर्षं माझ्या हातात देऊन सगळे सांगत होते, नीट बघ, चांगली आहे. तू तरी वेगळी आहेस असं मी धरून चालले होते. ती चूक माझी.

लग्नाला यायचं की नाही हे विचारणं मी बंद करते. तुला गर्दी आहे.

कवळ्या बनवणारी बाई

●

२४ ऑक्टोबर

प्रिय कवळी,

तू दगड वाळत घातलास?

आधी मी हसले. खूप हसले, हाताखालच्या बाईला वाटलं मला झटका आला. मग पुढचं वाचलं.

पहिली चूक माझी. कारखान्यात आम्ही दिवसभर "उजेडाला लाव, उजेडाला लाव" म्हणून ओरडत असतो. त्याचा अर्थ बारीक दिवा मागे, दगड मध्ये, डोळा पुढे. दिव्यापुढे धरून त्यातून आरपार बघायचं. बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार, हे बावीस वर्षांत मला सुचलंच नाही. वरून उजेड टाकशील तर तो जन्मभर राखाडीच राहील. खिडकीत तीन दिवस ऊन खात होता तेव्हा तू खोलीच्या मध्यात बसून एकदा त्याच्यातून बाहेर बघितलं असतंस तरी पुरे होतं. पण तू वरून वाकून बघत असणार. वाळवणाकडे बघतात तशी.

काप परत पाठवते. अंधाऱ्या खोलीत जा, मोबाइलचा टॉर्च लाव, काप हातभर पुढे धर आणि हळूहळू तिरका कर. मग शिव्या दे.

आता दुसरं.

अंगठी मी केली. दादाने मागितली, मी हो म्हटलं. तुला सांगितलं नाही, कारण तू चिडशील हे माहीत होतं, आणि चिडलेल्या माणसाला तोंड द्यायचं माझ्यात नाही. आगीच्या अकीकाचं काम फार जिवावरचं असतं, रंगाचा पापुद्रा वळेल तसं चाक वळवत न्यायचं, एक घास जास्त घेतला की आग विझली. दोनदा मनात आलं की घ्यावा एक घास जास्त. घेता आला नाही. अंगठी चांगली झाली आहे. खोटं कशाला लिहू, या वर्षातलं सर्वांत चांगलं काम तेच.

तिसरं, जे मी दोन महिने टाळतेय. दादा म्हणाला, ती नवीन आहे, खोलीत तिचं कुणी नसेल, तू आमच्या बाजूला बस. मी हो म्हटलं. तुझं पहिलं पत्र येण्याच्या आधीच म्हटलं होतं. आईबाबा गेल्यावर मला त्याच्याशिवाय दुसरं घर नाही गं. तो रागावला की आठ-आठ महिने बोलत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर मी येते आहे, आणि टेबलापलीकडे बसते आहे. आता यावर काय म्हणायचं ते तुझ्या शब्दांत लिहून पाठव, मी वाचेन.

आणि गळ्यात घालू नकोस. मागे कापड आलं की उजेड अडला, पुन्हा खिडकीची काच. कानात लोंबतं घाल. होय म्हणालीस तर त्याच गोळ्याचा लगेच पुढचा काप काढते. जोडी अगदी तंतोतंत होणार नाही. मधला तेवढा दगड करवत खाते.

दगडूबाई

●

५ नोव्हेंबर

प्रिय दगडूबाई,

स्वयंपाकघरातला दिवा घालवला, टॉर्च डब्याला टेकवून उभा केला आणि तुझी खिडकीची काच पुढे धरली. सुरुवातीला काही नाही. मी शिवी तयारच ठेवली होती. मग हात जरा कलला.

काय दिसलं ते मला नीट लिहिता येणार नाही. सोळा पांढऱ्यांत जन्म गेलाय माझा, मला रंगांची नावंही पुरी येत नाहीत. काठाने आधी एक हिरवी रेघ आली, ती निळी होत होत आत सरकली आणि मागून तांबडं आलं, जसं कुणीतरी आतून पडदे ओढतंय. मी हात हलवला की ते हलायचं, थांबवला की थांबायचं. ओट्याला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेला. "काच फुटली का" म्हणणारी मुलगी अर्धा तास खोलीतून बाहेर येईना.

तेव्हा दगडाबद्दलच्या सगळ्या शिव्या मागे घेते. बाकीच्या ठेवते.

अंगठीचं कळलं. चांगली झाली म्हणतेस, असू दे. तू वाईट काम केलं असतंस तर मला जास्त भीती वाटली असती.

बसण्याचं काय लिहू? तुझ्या भावाबरोबर मी अठरा वर्षं काढली, त्याचा अबोला कसा असतो ते मला शिकवू नकोस. त्या अबोल्यात माझ्याशी बोलणारी त्या घरात तू एकटी होतीस. दारावर टकटक करायचीस आणि म्हणायचीस, "चहा गार होतोय." चहा नसायचाच. मला तू शेजारी हवी होतीस. खोचक लिहून लिहून माझा हात इतका वळलाय की हे सरळ वाक्य लिहायला एक कागद फाडावा लागला.

ठरल्याप्रमाणे तिकडेच बस. शब्द दिलायस. मी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवीन, तिच्याशी माझं बरं जमतं.

दुसरा काप काढ. कानातलं कर. भाव पूर्ण लाव.

तुझी,
कवळी

●

२५ नोव्हेंबर

दगडूबाई,

लग्न झालं. लेक गेली, घरात तिचे दोन चार्जर आणि एक ओला टॉवेल राहिलाय.

मला एकच विचारायचंय आणि ते तुला तिथे विचारता आलं नाही, कारण तुला ऐकू यावं म्हणून ओरडावं लागलं असतं आणि अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना उत्तर कळलं असतं.

तू ठरल्याप्रमाणे तिकडे बसलीस. मी बघितलं, तुझ्या दादाने तुला मधली खुर्ची दिली, एका बाजूला तो, एका बाजूला ती. अगदी फोटोसारखे दिसत होतात. मग लेक सहीला वाकली आणि तू उठलीस. खुर्ची मागे ओढलीस तेव्हा जो आवाज झाला तो तुला ऐकू आला नसेल, पण अधिकाऱ्याचं पेन थांबलं. अख्ख्या टेबलाला वळसा घालून आलीस, माझी पर्स उचलून जमिनीवर ठेवलीस आणि बसलीस. तुझ्या दादाच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही, त्या चेहऱ्याचे मला अठरा वर्षांत पुरतील एवढे नमुने मिळालेत.

का उठलीस? मी तर तिकडेच बस म्हटलं होतं. माझी दया आली असेल तर तसं लिही, म्हणजे मला रीतसर चिडता येईल.

कवळी

●

१ डिसेंबर

प्रिय कवळी,

दया वगैरे काही आली नव्हती. मी मजेत बसले होते.

तुला माहीत नसणार, तुझ्या पाठीमागे खिडकी होती. पूर्वेची. साडेनऊचं तिरकं ऊन तुझ्या दोन्ही कानांतून आरपार येत होतं. तू मान वळवलीस की डाव्यात हिरवं, उजव्यात जांभळं. जोडी तंतोतंत नव्हती म्हणून दोघांत एकाच वेळी वेगळं काहीतरी चाललेलं. तुझ्या बाजूच्या कुणालाही ते दिसत नव्हतं. तुला तर नाहीच. दिसत होतं फक्त आमच्या रांगेला.

नव्या वहिनीने मला कोपराने ढोसलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ते काय आहे हो?" मी म्हटलं, अकीक. तिने एकदा स्वतःच्या अंगठीकडे बघितलं आणि पुन्हा तुझ्याकडे. बाई वाईट नाही, तुला आवडणार नाही पण लिहून टाकते. दादा माझ्या दुसऱ्या कानाशी म्हणाला, "काय चाललंय दोघींचं? समोर बघा." मी म्हटलं, समोरच बघतेय. मग त्याने बघितलं. त्याला खिडकी दिसली. म्हणाला, "पडदा ओढायला सांगा, ऊन येतंय."

तेवढ्यात भाची सहीला वाकली आणि तू पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधू लागलीस. रुमाल आणला नाहीस हे मला टेबलापलीकडून कळलं. तू मान खाली घातलीस आणि दोन्ही कानांतले रंग गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खोलीतली सगळ्यांत चांगली जागा मला मिळालीये आणि तिथे बसून मी नुसती बघतेय. तुमचं मोडलं तेव्हाही हेच केलं होतं मी. दोन्हीकडचं दिसेल अशी जागा धरली आणि बघत राहिले.

म्हणून उठले. तुझ्याशेजारी येऊन बसले तर कानात दोन राखाडी काचा. इतकी खपून केलेली वस्तू आणि मीच चुकीच्या बाजूला. पण रुमाल होता माझ्याकडे. करवतीच्या तेलाचा वास येत होता त्याला, तू तरी वापरलास.

दादा बोलत नाहीये. मी महिने मोजायला घेतलेले नाहीत. रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचे, आता घरीच बसते, दगड घासते. जरा जड जातंय. होईल सवय.

भाचीने फोटो पाठवले. फोटो काढणारा सगळा वेळ तुझ्या बाजूला उभा होता, एकाही फोटोत तुझ्या कानातला रंग आलेला नाही. उद्या कुणी विचारलं, तर त्या दिवशी ते कसं दिसत होतं हे सांगू शकतील अशा दोनच बायका जगात. नव्या वहिनीला विचारायला तू काही जाणार नाहीस.

तेव्हा जरा सांभाळून ठेव मला. आणि पुढच्या रविवारी जेवायला काय करते आहेस ते कळव.

तुझी,
दगडूबाई